टॅपेट घरी सेट करायचेत? पहिल्यांदा नुसते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०११ ची होंडा सिटी, १.५ आय-व्हीटेक, मॅन्युअल गिअर, ९० हजारांवर किलोमीटर. घर म्हापशाला, अंगणात गाडी लावायला जागा. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक-टिक ऐकू येते. जवळच्या गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगितलं, ‘टॅपेट लूज झालेत, थोडे टाइट करून देतो.’ विचारणारे म्हणतात, ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड मी स्वतः बदलतो, मग हेही घरी करू का? आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) किती घट्ट लागला पाहिजे, तो अंदाज हाताला कसा यायचा?

करता येईल. तुमच्या गाडीचं इंजिन या कामासाठी बऱ्यापैकी सोयीचं आहे. पण ‘थोडे टाइट करून देतो’ या वाक्यापासून आधी दूर व्हा. आवाज बंद करणं हे काम नव्हे. कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवट्यांचा फिरता दांडा, रॉकरला रेटतो आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. या रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली फट, जिला बोलीत ‘टॅपेट’ म्हणतात, ठरलेल्या मापात आणणं हे काम. कधी कधी माप बरोबर आल्यावर आवाज आपोआप कमी होतो, कधी तसाच राहतो, आणि एखाद्या गाडीत किंचित वाढतोसुद्धा. फोंड्याला माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांना हे आधी पटत नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

फट ठेवतात कशाला? इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते. थंड असताना फट ठेवलीच नाही, तर गरम झाल्यावर दांडी रॉकरला टेकते आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या भागातल्या) बैठकीवर, पूर्ण बसत नाही. एग्झॉस्ट व्हॉल्व्हला हे सर्वांत जास्त बाधतं. जळता वायू त्याच्या अंगावरून जातो आणि ती उष्णता त्याने टाकायची कुठे, तर बहुतेक सगळी सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये. सीटवर टेकायलाच मिळालं नाही, तर उष्णता जायची वाट बंद. वर त्या बारीक फटीतून जळता वायू सुसाट बाहेर पडतो आणि व्हॉल्व्हची कड खात सुटतो. मग हेड उतरवणं आलं, व्हॉल्व्ह आलं, सीट आली, खर्च आला.

उलट फट थोडी जास्त असेल तर काय होतं? आवाज. फार जास्त असेल तर व्हॉल्व्ह कमी उघडतो, गाडी किंचित मंद वाटते, कॅम आणि रॉकर झिजतात. पण हे सगळं सावकाश होतं आणि गाडी ओरडून सांगत असते. घट्ट व्हॉल्व्ह गप्प असतो. गॅरेजमध्ये ‘आता इंजिन एकदम सायलेंट झालं’ म्हणून खूश होऊन गेलेला माणूस काही महिन्यांनी ‘गरम झाल्यावर सिग्नलला गाडी थरथरते’ म्हणून परत येतो, ते यामुळे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. वापराने फट नेहमी वाढतेच असं नाही. रॉकर आणि स्क्रूचं टोक झिजलं की वाढते, हे खरं. पण व्हॉल्व्ह आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत बसतो, त्याची दांडी वर सरकते आणि फट कमी होते. एग्झॉस्टच्या बाजूला हे जास्त दिसतं. सीएनजी किट असलेल्या गाडीत तर नक्की बघावं, कारण कोरड्या वायूवर सीट लवकर झिजते. तेव्हा ९० हजारांनंतर टॅपेट ‘लूजच’ असणार, हे न मोजता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही.

आता तो टिक-टिक आवाज टॅपेटचाच आहे का, हे आधी बघा. डिपस्टिकवर ऑइल किती आहे? हसू नका, निम्म्या तक्रारी इथे संपतात. मग लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, मूठ कानाजवळच्या हाडाला टेकवा आणि टोक टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) बोल्टवर, मग पेट्रोल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरवर लावून ऐका. हात, बाही आणि गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब. इंजेक्टर टिकटिकतातच, त्यांचा आवाज बारीक, कोरडा आणि सारखा असतो. तो आजार नाही. एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गळती असेल तर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो आणि लोखंड तापून फट मिटली की जातो. तुमचा आवाज फक्त सकाळीच येतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम बघा. जोडाजवळ काळी काजळी दिसते का? सुरू केल्यावर पहिली दोन-चार सेकंदंच खडखड होत असेल, तर टायमिंग चेन (कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) आणि ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरकडे संशय जायला हवा.

एक साधा हिशेबही उपयोगी पडतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या खालच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून नुसतं चालू असताना, इंजिन मिनिटाला ७२० फेरे घेत असेल, तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला ६ वेळा टिकटिकेल. आवाज याच्या दुप्पट वेगाने आणि जड, ठोक्यासारखा असेल तर तो खालून, क्रँककडून येतोय. त्याला टॅपेट सेटिंगचा उपाय नाही. गाडी बंद करा आणि दाखवून घ्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्याकडे सिटी नाही त्यांच्यासाठी. सगळ्या गाड्यांत हे काम नसतंच. फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल, जे मारुतीच्या कितीतरी गाड्यांत आलं, त्यात हायड्रॉलिक अ‍ॅडजस्टर आहेत. ते ऑइलच्या दाबावर फट स्वतः भरून काढतात, तिथे सेट करायला काही नाही. स्विफ्टच्या १.२ के-सिरीज पेट्रोलमध्ये कॅम थेट बकेटवर (व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या वाटीवर) दाबतो, स्क्रू नसतो. मोजणं घरी जमेल, पण माप चुकलेलं निघालं तर कॅमशाफ्ट काढून वेगळ्या जाडीची बकेट घालावी लागते. चेन सुटते, टायमिंग पुन्हा लावावं लागतं. ते घरी करू नका. जुनी मारुती ८०० किंवा तुमची सिटी, जिथे रॉकरच्या टोकाला स्क्रू आणि लॉकनट आहे, तिथेच हे अंगणातलं काम.

तुमच्या इंजिनाची मापं: इनटेक ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर, एग्झॉस्ट ०.२६ ते ०.३०. हेड ३८ अंशांच्या खाली असताना. ही मापं २००८ ते २०१३ च्या १.५ आय-व्हीटेकची. त्याआधीच्या सिटीची वेगळी असू शकतात, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीला हीच लावू नका. आणि ३८ अंश ही अट गोव्यात हलक्यात घेऊ नये. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीचं हेड ‘थंड’ नसतं, हात लावून पाहा. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि उजाडता उजाडता कामाला लागा. आदल्या संध्याकाळी बाजारात जाऊन आलात तरी चालेल, सकाळी मात्र सुरू करू नका. आणि पावसाळ्यात उघड्या अंगणात टॅपेट कव्हर काढून बसायचं धाडस कृपया नको. चवथीला गावी जायचं म्हणून आदल्या दिवशी इंजिन उघडणारे लोक मी पाहिलेत. तसंही करू नका. काम अडलं तर गाडी दोन दिवस उभी राहील, एवढी सवड ठेवा.

सामान काय लागेल? कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळ्यांचे सील आधी आणून ठेवा. जुनं गॅस्केट दगडासारखं कडक झालेलं असतं, ते परत घातलं तर तेल गळणारच. फीलर गेज ०.०५ च्या टप्प्यांचा नको, बारीक टप्प्यांचा घ्या, आणि पाती वाकडी असलेला मिळाला तर उत्तम, एग्झॉस्टच्या बाजूला सरळ पात धरायला जागा कमी पडते. पात्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक इंचाचा आणि एक मिलिमीटरचा. मिलिमीटरचाच वाचा. आपल्या दमट हवेत फीलरची पाती गंजतात. गंजलेलं पातं जाड होतं आणि खोटं माप देतं. प्रत्येक वेळी तेलाचा हात फिरवून ठेवायची सवय लावा.

क्रँक फिरवायला पुढचं उजवं चाक काढावं लागतं. तिथून पुलीच्या बोल्टला १९ चा सॉकेट लागतो. आता इथे हात जोडून सांगतो, गाडी चिऱ्यावर टेकवू नका. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात, आणि जॅक काढून खाली चिरा सारायचा मोह प्रत्येकाला होतो. जांभा दगड बांधकामाचं वजन पेलतो, पण गाडीच्या खालच्या लोखंडी कडेचा भार एका रेषेवर येतो आणि चिरा तिथेच फुटतो. घोडी, म्हणजे जॅक स्टँड, विकत घ्या किंवा मागून आणा. मागच्या चाकांना अडसर म्हणून चिरा खुशाल लावा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रल, चावी खिशात, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी.

कव्हरवर हात घालण्याआधी वरची धूळ काढा. तुम्ही म्हापशाला आहात, पण डिचोली-साखळीकडच्या गाड्यांत प्लगच्या खळग्यांत लाल मातीचा थर सापडतो. प्लग काढल्यावर ती माती सिलिंडरमध्ये पडली तर टॅपेटचं दुखणं परवडलं म्हणाल. हवेने फुंकून घ्या, कंप्रेसर नसेल तर ब्रश आणि सायकलचा पंप. मग प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या चारही कॉइल काढा, त्यांच्या कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ जपून दाबा, जुनं प्लॅस्टिक टचकन मोडतं. प्लग काढले की क्रँक हाताने अलगद फिरतो आणि नेमका हवा तिथे थांबवता येतो. खळग्यात स्वच्छ फडकं, आणि चेनच्या बाजूची मोकळी जागासुद्धा फडक्याने झाकून घ्या. तिथे एखादा नट पडला तर तो थेट खाली जातो.

आता पहिला सिलिंडर, म्हणजे पुलीच्या बाजूचा. क्रँक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. या इंजिनाची तीच दिशा आहे. १९९८ ते २००३ ची पहिली सिटी उलटी फिरते, तिचे व्हिडिओ बघून गोंधळू नका. कॅमच्या स्प्रॉकेटवर रोमन अक्षरांत ‘अप’ कोरलेलं असतं. ते वर आलं आणि बाजूच्या खाचा हेडच्या वरच्या कडेला समांतर झाल्या, की पहिला पिस्टन वर, कॉम्प्रेशनला, म्हणजे त्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद. नुसत्या खुणेवर विसंबू नका. त्या सिलिंडरचे रॉकर बोटांनी हलवून बघा, प्रत्येकाला किंचित खेळ जाणवला पाहिजे. एखाद्या बाजूचे रॉकर दाबलेले असतील, तर तुम्ही एक फेरा चुकलात. थोडं पुढे गेलं तर मागे फिरवू नका, पुढे फिरवत पूर्ण चक्कर घालून या.

पहिला झाला की क्रँक अर्धा फेरा, मग तिसरा सिलिंडर. पुन्हा अर्धा, चौथा. पुन्हा अर्धा, दुसरा. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, त्याच क्रमाने. क्रँकच्या अर्ध्या फेऱ्याला ‘अप’ची खूण पाव फेरा सरकते.

आणि आता माझं खरं सांगणं. पहिल्या खेपेला कुठल्याही लॉकनटला पाना लावू नका. कागदावर सोळा चौकोन काढा (चार सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह) आणि सोळाही फटी मोजून लिहा. सगळी मापात निघाली, तर कव्हर लावा आणि आवाज दुसरीकडे शोधा. असं पुष्कळदा होतं. चार मापाबाहेर निघाली, तर त्या चारांनाच हात लावा. बाकीचे बारा बरोबर असताना ‘उघडलंच आहे तर’ म्हणून सोळाही पुन्हा सेट करणं म्हणजे बारा नव्या चुकांना आमंत्रण. शिवाय तो कागद पुढच्या खेपेला सोन्याचा. एखादा एग्झॉस्ट व्हॉल्व्ह दर वेळी घट्ट होत चालला असेल, तर त्याची सीट जातेय हे आवाजाच्या कितीतरी आधी कागद सांगतो.

हाताचा अंदाज कसा यायचा, हा तुमचा प्रश्न. नवख्या माणसाने अंदाजावर जाऊच नये. दोन पाती वापरा. इनटेकला ०.१५ चं पातं आत गेलंच पाहिजे आणि ०.२० चं जाता कामा नये. एग्झॉस्टला ०.२६ गेलं पाहिजे, ०.३१ नाही. नेमक्या या जाडीची पाती तुमच्या संचात नसतील तर दोन पातळ पाती एकावर एक ठेवून जाडी जुळवा, मधे तेलाचा थेंब पुसून. ‘गेलं’ म्हणजे ढकलून, वाकवून घुसवलेलं नव्हे. पातं स्क्रूचं टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधून सरळ, आडवं न करता सरकवायचं. इनटेकला मधलं ०.१७ चं पातं ओढताना जड पुस्तकाखालून कागद ओढल्यासारखी हलकी पकड लागते. ती सोळा ठिकाणी सारखी लागायला लागली की हात बसला म्हणायचं.

पकड बरोबर लागते आणि तरी आवाज येतो, असं एखाद्या व्हॉल्व्हला झालं तर स्क्रूचं टोक टॉर्च मारून बघा. खूप चाललेल्या गाडीत त्या टोकाला किंवा रॉकरला बारीक खळगा पडतो. पातं त्या खळग्यावर पुलासारखं आडवं राहतं आणि तुम्हाला ०.१७ लागतं, खरी फट मात्र जास्त असते. अशा वेळी स्क्रू बदलायचा. फट आणखी कमी करून आवाज दाबायचा नाही.

सेट करताना त्रास देतो तो लॉकनट. रिंग पान्याने तो सैल करा, स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवा, पातं मधे ठेवूनच पकड जुळवा, मग स्क्रू स्क्रूड्रायव्हरने जागच्या जागी धरून नट आवळा. आवळताना स्क्रू नटाबरोबर केसभर फिरतो आणि आट्यांमधला खेळही निघून जातो. त्यामुळे आवळण्याआधी बरोबर असलेली फट आवळल्यावर बदललेली असते. पुन्हा मोजा. दोन-तीनदा करावं लागलं तर निराश होऊ नका, रोज करणाऱ्यालाही लागतं. तुमचा हात कोणत्या बाजूला किती सरकवतो ते पाच-सहा व्हॉल्व्हनंतर कळतं, मग आधीच तेवढी सूट धरता येते. नट किती आवळायचा ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्यानेच आवळा. जोर लावून आटे गेले तर रॉकरच बदलावा लागेल.

मापाच्या मर्यादेत कुठे ठेवायचं? इनटेक मधोमध. एग्झॉस्ट मी मधल्याच्या किंचित वरच्या बाजूला ठेवतो, ०.२९ च्या आसपास, कारण पुढे ती बहुधा कमीच होणार आहे. सीएनजीवर असाल तर नक्कीच. थोडी टिक-टिक राहिली तरी राहू द्या.

सगळं झाल्यावर क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि ज्यांना हात लावला ते व्हॉल्व्ह पुन्हा मोजा. कंटाळा येतो, पण या टप्प्यावर एखादा चुकलेला हमखास सापडतो.

कव्हर बसवणं सोपं आहे, फक्त घाई नको. हेडची कड आणि कव्हरची खाच पुसून कोरडी करा. चेन कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत सिलिकॉन सीलंटचा लहानसा ठिपका, सगळीकडे फासू नका. जास्तीचं सीलंट आत सुटून ऑइलच्या बारीक वाटेत जातं, आणि व्हीटेकला (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या होंडाच्या यंत्रणेला) तर ऑइलच्याच दाबावर काम करायचं असतं. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे करत. अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत. प्लगच्या नळ्यांचे सील नीट बसले नाहीत तर खळग्यात तेल साचतं आणि पंधरवड्यात मिसफायर सुरू होतो. मग लोक टॅपेटला दोष देतात.

काढून ठेवलेली फडकी मोजून परत घ्या. प्लग आधी हाताने फिरवत बसवा, शेवटीच पाना. गाडी सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं जरा जास्त आवाज येईल, वर ऑइल पोचायचं असतं. नंतर आयडल एकसारखं हवं. थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर थरथर, असं झालं तर कुठलातरी व्हॉल्व्ह घट्ट राहिलाय. तशीच गाडी चालवत चोर्ला घाट चढायला जाऊ नका. इंजिन पुन्हा रात्रभर थंड होऊ द्या आणि उघडून मोजा. तरीही माप बरोबर असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच खाली असेल, तर व्हॉल्व्हची कड आधीच जळलेली असू शकते आणि सेटिंगने ती परत येत नाही.

राहता राहिला तुमचा गॅरेजवाला. त्याच्याकडूनच काम करून घ्यायचं ठरवलंत तरी काही बिघडत नाही. फक्त गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, सकाळी थंड इंजिनावर काम करायला सांगा, आणि सोळाही मापं कागदावर लिहून मागा, आधीची आणि नंतरची. तो लिहून देत असेल तर निर्धास्त राहा. ‘हाताला कळतं, लिहायला कशाला’ म्हणाला, तर गाडी परत घेऊन या आणि एखाद्या रविवारी पहाटे स्वतःच बॉनेट उघडा.